नानांचा माख अंक

हाउन्सलो,
२१ सप्टेंबर २००३

ती. आशाताईस,

शशीचा नमस्कार. तुझा गुडघा आता बरा असेल आणि भावजींची शुगर आटोक्यात असेल असं धरून चालते. नसेल तर सावकाश कळव, सध्या आणखी काळज्या ठेवायला माझ्याकडे जागा नाही. इकडे आम्ही सगळे ठीक. (ठीक म्हणजे कुणी ॲडमिट नाही.)

आपले नाना येऊन चार महिने झाले. मिरजेच्या शाळेत चौतीस वर्षं फिजिक्स शिकवलेल्या माणसाला हीथ्रोच्या विमानांखाली आणून ठेवलं, ही चूक माझीच. कॉनकॉर्ड विमान ऑक्टोबरअखेर कायमचं बंद होणार हे त्यांनी पेपरात वाचलं, आणि तेव्हापासून आमच्या घरात कुणी नुसतं चालत नाही, प्रत्येकाचा माख अंक निघतो. म्हणजे आपला वेग भागिले आवाजाचा वेग. (मॅक म्हटलेलं चालत नाही. मॅक म्हणजे बर्गर, म्हणतात.) २२२ नंबरची बस ०.०३. अजय कार्गोची शिफ्ट संपवून आला की दारापासून सोफ्यापर्यंत ०.००२. माझा अंक काढलाय, पण सांगत नाहीत, त्याअर्थी बरा नसणार.

पण नानांना कॉनकॉर्डचा अंक स्वतः मोजायचा होता. आमच्या डोक्यावरून जाताना ते आवाजापेक्षा हळूच उडतं (आणि तरी कपबशा हलतात), समुद्रावर गेल्यावर आवाजाला मागे टाकतं, आणि मग त्याच्यामागून धमाका येतो. विमान समोरून गेलं की स्टॉपवॉच सुरू करायचं, धमाका ऐकू आला की बंद. मधल्या सेकंदांवरून गणित. त्यासाठी कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर जाऊन उभं राहायचं, एवढंच. हे 'एवढंच' नानांचं. ड्रायव्हिंग जावयाचं, म्हणजे अजयचं, आणि डबे माझे.

गेल्या आठवड्यात शुक्रवारी निघालो. पाच तासांचा रस्ता नऊ तासांत केला, त्यातले तीन एका चाकांवरच्या घराच्या, कॅरॅव्हॅनच्या, मागे. (०.०२, कुणीही विचारलं नसताना.) मुक्काम होता त्या बी अँड बीच्या बाईंना आम्ही व्हेजिटेरियन म्हणून कळवलं होतं. त्यांनी सकाळी प्रत्येकाला एकेक प्रचंड मशरूम दिलं, आणि नानांनी ते शेवटपर्यंत नुसतं बघितलं. शनिवारी ढग इतके खाली की विमान सोडाच, शेजारी उभा असलेला अजयही अधूनमधून दिसेनासा व्हायचा. दोन तास रेनकोट घालून कड्यावर भिजलो आणि परत आलो. अजयला शिंका सुरू झाल्या. सान्वीने अकरा वर्षांच्या आयुष्यातला हा सगळ्यात वाईट वीकेंड असल्याचं जाहीर केलं. मला तिचं पटलं, पण आई असल्यामुळे तसं म्हणता येईना.

रविवारी मात्र आभाळ लख्ख उघडलं. अजय गाडीत नाक धरून बसला होता, कड्यावर आम्ही तिघंच. अकराच्या सुमारास समुद्रावर पांढरी रेघ दिसली, पुढे एक चकाकता ठिपका. ठिपका बरोबर समोर आला तेव्हा नानांनी बटण दाबलं. वर्गात प्रयोग करताना जसे व्हायचे तसे ताठ झाले होते. आधी काहीच आवाज नव्हता, मग आला. धडधड असा दुहेरी, वरच्या मजल्यावर कुणी दोन पोती आपटावीत तसा. सीगल उडाले. सान्वी हसून माझ्याकडे बघायला लागली. मी नानांकडे वळले, तर ते आभाळाकडेच बघत होते, मान किंचित कलती.

बऱ्याच वेळाने म्हणाले, "अजून नाही ना ग आला?"

ताई, अख्ख्या मिरजेला आवाज शिकवलेला हा माणूस. सान्वी तोंड उघडणार तेवढ्यात मी तिचा हात दाबला.

"नाही आला, नाना. वारा उलटा असेल."

"हं," म्हणाले, "वाऱ्याने होतं तसं." आणि घड्याळ खिशात टाकलं.

गाडीत सान्वी माझ्या कानात म्हणाली, "आई, तो आवाज आली होती. तू खोटं का बोललास?" मी तिला क्रिस्प्सचं, म्हणजे वेफर्सचं, पाकीट दिलं. एरवी मी तिचं व्याकरण सुधारते, त्या दिवशी त्राण नव्हतं. चार महिने मी टीव्ही मोठा लावतात म्हणून चिडत होते, दारावरची बेल मुद्दाम ऐकत नाहीत म्हणून धुसफुसत होते. परतीच्या वाटेवर पार रेडिंगपर्यंत मला तेवढंच आठवत राहिलं.

तुझी,
शशी

ता. क. नाना १४ ऑक्टोबरला तिकडे पोचतील. त्याच आठवड्यात कानाच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेऊन ठेव, हे पत्र खरं त्यासाठीच. भावजींना सोबत हवी असं नानांना सांगून ने. धमाक्याचा विषय काढू नकोस, त्यांना काही कळलेलं नाही.

ता. क. २. पत्र टेबलावर ठेवून कुकर बंद करायला गेले, तेवढ्यात नानांनी ते वाचलं. दोन ऱ्हस्व-दीर्घ लाल पेनाने दुरुस्त केलेत ते त्यांनीच. मग म्हणाले, "बेचाळीस सेकंद. साधारण १.३ आला म्हणून लिही आशाला." तुम्हाला ऐकू कुठे आलं होतं, असं मी विचारलं. तर म्हणाले, "तुम्ही दोघी एकदम दचकलात, तेव्हा दाबलं. दचकायला अर्धा सेकंद धरून वजा केलाय." मग तिथेच का नाही बोललात, म्हटलं. म्हणाले, "तू इतकं मन लावून खोटं बोलत होतीस."

अपॉइंटमेंट सकाळची घे. दुपारी त्यांना झोप येते, असं त्यांनीच लिहायला सांगितलंय.