परत आलेला हिरो आन् तळेगावचं स्थळ

मंगळ., ४ नोव्हें.
तळेगाव ढमढेरेचं स्थळ येऊन मला बघून गेलं. मुलगा नीलेश. घरचा फ्लॉवर-टोमॅटोचा मळा, शिवाय कंपनीत नोकरी. छंद विचारले. आईनं पढवलेलं, वाचन, विणकाम. माझ्या तोंडून गेलं, "सुपरहिरोचे पिक्चर." आईनं पोह्याची डिश अशी आपटली! त्याचे वडील हसले. हा म्हणतो, "नवा लागलाय दौंडला. जायचं का?" सगळ्यांसमोर! धीट हाय.

गुरु., ६
आप्पांनी परवानगी दिली, पण वहिनी बरोबर पाहिजे. रविवारी संध्याकाळी होकार-नकार कळवायचा. मला पिक्चरचंच जास्त टेन्शन. गेले दोन-तीन फुसके निघाले, अंतराळवाल्यात तर झोपलेच. तरी नवा आला की राहवत नाही. काय म्हणावं ह्याला.

शनि., ८
केडगावहून पॅसेंजरनं दौंड. दुपारचा शो, हिंदीत. नीलेश तिथंच भेटला; बसताना वहिनी आमच्या मध्ये.
पिक्चर... काय कळेना. मागच्या भागात हिरो मेला तवा मी तीन दिवस धड जेवले नव्हते. आई विचारायची, "कोण गेलं गं, घरातलं?" आन् आता हा परत आला. दुसऱ्या विश्वातला म्हणे. तोच चेहरा, तोच सूट, पण बायकोचं नाव माहीत नाही! मग मी रडले ते उगीच? मारामारी म्हंजी नुसता धूर आन् उजेड. डोकं उठलं. तरी तो घराच्या दारात उभा राहिला तवा रडलेच. ओढणी भिजली. स्वतःचाच राग आला.
नंतर स्टेशनबाहेर चहा. मी तावातावानं, "फसवणूक आहे ही! मेलेला माणूस असा परत आणतात का?" वाटलं, वाद घालेल, नाहीतर होला हो करेल.
तो कप फिरवत म्हणाला, "माझा थोरला भाऊ गेला, चार वर्षं झाली. उद्या दारात आला तर मी न्हाई विचारणार, कुठल्या विश्वातून आलास म्हणून."
वहिनीचा समोसा हातातच राहिला. हे काय पिक्चरचं उत्तर झालं?

रवि., ९
सकाळपासून तेच डोक्यात. माझं बरोबर आहे, तो आपला हिरो नाहीच, नुसता चेहरा. त्याचंही बरोबर. दोघांचं कसं बरोबर असेल? आन् हो म्हणावंसं वाटतंय ते त्याच्यासाठी, का कीव आली म्हणून, का नुसतं पिक्चरमुळं... रडून झालं की मला सगळेच चांगले वाटतात, जुना रोग आहे.

संध्याकाळी आप्पा फोन हातात घेऊन बसले. "काय कळवू त्यांना? व्हय का न्हाई?"
म्हटलं, "आप्पा, पिक्चर अजून एकदा बघायचाय. नीट कळला न्हाई."
स्वयंपाकघरातनं आई, "कुणासंगं?"
मी वही उघडून बसलेय. आई पिठाच्या हातानं दारात येऊन उभी आहे, उत्तर ऐकल्याबिगर हलायचं नाव नाही.