मोटर नव्हे, मदत

२८ ऑगस्ट
ई-बाइक आली. मोटर नव्हे, मदत. पॅडल मारावंच लागतं, मशीन नुसता हातभार लावतं. उजव्या मुठीशी एक खटका आहे, तो दाबला की पॅडल न मारताही पळते. तो मी वापरणार नाही.

नोंद करून ठेवतो की माझ्या खुब्याचा याच्याशी काही संबंध नाही. डॉक्टर म्हणतो खुबा बदलावा लागेल. डॉक्टर बत्तीस वर्षांचा. त्याने एल्क हरीण फक्त कॅलेंडरवर पाहिलेलं.

बाइक खरं तर डेल्मरसाठी घेतली. एकाहत्तरचा झाला. एकतीस वर्षं आम्ही दोघं टँगल खोऱ्यात शिकारीला जातोय, पण गेले तीन सीझन चढावर दर पाच मिनिटांनी थांबतो. कधी बुटाची लेस, कधी कुठला तरी पक्षी. दम लागतो बिचाऱ्याला, सांगत नाही. आता मांस मी बाइकवरून खाली आणीन.

३० ऑगस्ट
संकल्प : सीझन सुरू होईपर्यंत रोज चाळीस मिनिटं चालायचं. बाइकशिवाय.

३१ ऑगस्ट
पाऊस.

१ सप्टेंबर
पाऊस नव्हता, पण जमीन ओली होती.

७ सप्टेंबर
डेल्मरला बाइक दाखवली. लाकडं फोडत होता. कुऱ्हाड खाली ठेवून बाइकभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "जड दिसते." म्हटलं, सत्तावीस किलो, पण बसल्यावर कळत नाही. म्हणाला, "खोऱ्याच्या फाटकापर्यंत ने की मग. तिथनं चालू." मी म्हटलं, फाटकाच्या पुढे सायकलला परवानगी आहे. म्हणाला, "सायकलला." एवढंच, आणि परत कुऱ्हाड उचलली.

ते फाटक आमचंच. एकोणीस वर्षांपूर्वी चारचाकी फटफट्या घेऊन पोरं थेट खोऱ्यात घुसायची, तेव्हा मोटरींना वाट बंद करावी म्हणून डेल्मरने आणि मी घरोघर सह्या गोळा केल्या. शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली. भाषण मी केलं : ज्याला स्वतःच्या पायांनी जाता येत नाही, त्याने घरी बसून टीव्ही बघावा. टाळ्या पडल्या. पण तो फटफट्यांचा प्रश्न होता. विषय वेगळा.

१६ सप्टेंबर
जंगलखात्याला पत्र लिहून खुलासा मागवला होता. पाच मुद्दे, त्यातला चौथा फार प्रभावी : ज्येष्ठांचा निसर्गावरचा हक्क. उत्तर आलं चार ओळींचं. मोटर आहे म्हणून मोटर-वाहन, सबब फाटकापुढे मनाई. सही, रेंजर ब्रिन. बारा वर्षांची असताना माझ्याच शिकारीच्या वर्गात होती. बावीस वर्षं फुकट शिकवतोय मी गावातल्या पोरांना, बंदूक कशी धरायची इथपासून. हिला शंभरपैकी शहाण्णव दिले होते. जास्त झाले.

पत्रात "रिस्पेक्टफुली" लिहिलंय. म्हणजे मनातून तिला पटलेलं आहे.

३ ऑक्टोबर
चालण्याचा कार्यक्रम सुधारून घेतला. रोज चाळीसऐवजी एक दिवसाआड वीस. सुपरमार्केटमधलं चालणं धरून. ढकलगाडीला रेलता येतं ते एक बरं असतं.

२४ ऑक्टोबर
उद्या सीझन. डेल्मरचा फोन. म्हणाला, "यंदा तासभर लवकर निघू या, सावकाश जाऊ. घाई कोणाला आहे?" म्हटलं तू हो पुढे, मी मागून बाइकवर येतो, वर दोन वाटा फुटतात त्या फाट्याला भेटू. म्हणाला, "अरे, मग बरोबर जायचं म्हणजे काय राहिलं?" मी म्हटलं, फाट्यावर कॉफी बरोबर पिऊ. बायको, रोझेन, भांडी घासत ऐकत होती. रात्रभर माझ्याशी एक शब्द बोलली नाही. बायकांना तंत्रज्ञान आवडत नाही.

२५ ऑक्टोबर
सविस्तर लिहायला हवं.

सकाळी उजाडताना फाटकाच्या बाजूने बाइक घातली. वीतभर बर्फ. चढावर खटका वापरला, फक्त चढावर. (सगळा चढच आहे.) अर्ध्या वाटेत डेल्मर दिसला, पाठीवर बोजा, काठी टेकत. बाजूला होऊन त्याने वाट दिली. मी हात केला. अडीच तासांची वाट मी सव्वीस मिनिटांत कापली. घवघवीत यश.

फाट्यावर दोन तास बसलो. गारठलो. डेल्मरचा पत्ता नाही. म्हटलं बसून काय करायचं, कुरणाच्या तोंडापर्यंत जाऊन यावं. गेलो. कुरणात एल्कच्या बारा माद्या आणि एक नर, असला नर मी दहा वर्षांत पाहिला नाही. बाइकची ती बारीक घरघर, मला वाटायचं ती फक्त मलाच ऐकू येते. एका क्षणात कुरण रिकामं.

मग खालच्या झुडपातून डेल्मर उठला. वाट सोडून, ओढ्याच्या बाजूने गुडघ्यांवर सरकत तो अर्धा तास त्या नराकडे येत होता. पँट मांड्यांपर्यंत भिजलेली. रायफलमधली गोळी काढून त्याने खिशात टाकली. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "चल, खाली जाऊ."

बॅटरी थंडीने बसली होती. सत्तावीस किलो. उताराला दोघांनी मिळून धरली, तो हँडलकडून, मी मागून, कारण मला पाय नीट टाकता येत नव्हता. वाटेत मी म्हटलं, आज तू एकदाही थांबला नाहीस दम खायला. म्हणाला, "मला कुठे दम लागतो, ऑरिन? मी तुझ्यासाठी थांबायचो." रागाने नाही. वेळ विचारल्यावर सांगावी तसं.

फाटकाशी ब्रिन उभी. वही बाहेर. विचारलं, बाइक कोणाची? हँडल डेल्मरच्या हातात. मी सांगणारच होतो. तोंड उघडलं होतं. पण शिकारीचा गुन्हा नोंदला की शिक्षकाचं काम जातं, आणि ती माझ्याकडे बघत होती, आणि मला एक क्षण हवा होता. तेवढ्यात डेल्मर म्हणाला, "माझी." तिने परत विचारलं. "माझीच, लिही." तिने लिहिलं.

त्याने आपणहून सांगितलं. वडीलधाऱ्या माणसाला चारचौघांत खोटं पाडणं बरं दिसत नाही.

२७ ऑक्टोबर
उद्या ब्रिनला जाऊन खरं सांगायचं. ठरलं.

२८ ऑक्टोबर
ऑफिसपर्यंत गेलो. बाहेर तीन गाड्या होत्या. गर्दीत असल्या गोष्टी नकोत.

४ नोव्हेंबर
चौकातल्या हॉटेलात गेलो. सगळे काउंटरवर. डेल्मर कॉफी पीत होता. एक जण म्हणाला, "काय डेल्मर, रायफललापण चाकं लावलीस का?" दुसरा म्हणाला, "फाटक बांधलं कोणी, तर यांनी! आणि बॅटरीवर आत कोण, तर हेच!" सगळे खो खो हसले. डेल्मरपण थोडं हसला. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही, हे मुद्दाम होतं, म्हणजे मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. कॉफी अर्धी टाकून गेला.

मी पॅनकेक खाल्ले. चारही. काय खाल्लं ते कळलं नाही.

५ नोव्हेंबर
रोझेन म्हणाली, "तू सांगतोस की मी सांगू?" म्हटलं, योग्य वेळ बघतोय. म्हणाली, "वेळ तुला बघून कंटाळली असेल."

१५ नोव्हेंबर
डेल्मर हॉटेलात येत नाही. अकरा दिवस झाले. सर्दी असेल.

१९ नोव्हेंबर
माझा शिकारीचा वर्ग होता. धडा चौथा, सचोटी. कोणी बघत नसताना शिकारी कसा वागतो. मुलांनी छान उत्तरं दिली. मी फळ्याकडे तोंड करून बराच वेळ पुसत राहिलो, फळ्यावर काही नव्हतं.

२७ नोव्हेंबर
थँक्सगिव्हिंग. टर्की. दरवर्षी जेवणानंतर डेल्मरचा फोन येतो. आज लाइन खराब असावी. रोझेनने तिच्या फोनवरून माझ्या फोनला लावून दाखवला. वाजला.

३० नोव्हेंबर
सीझन संपला. बाइकशिवाय फाटकाच्या आत चालून पाहिलं. दोनशे दहा पावलं. मग झाडाला धरून उभा राहिलो. खुबा गेलाय. तीन वर्षांपूर्वीच गेलाय. हे इथे पहिल्यांदा लिहितोय, कोणी वाचणार नाही तरी लिहायला जड गेलं.

१ डिसेंबर
ब्रिनच्या ऑफिसात गेलो. बाहेर एकही गाडी नव्हती. सांगितलं, बाइक माझी, चालवणारा मी. ती म्हणाली, "माहीत आहे, सर. बर्फात वर जाणारा चाकांचा माग होता आणि शेजारी एका माणसाची पावलं. डेल्मरचे बूट मी ओळखते." मग त्याचंच नाव ठेवलंस कशाला, मी विचारलं. म्हणाली, "त्यांनीच दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं. म्हणाले, नाव माझंच राहू दे, खोडू नकोस. तो स्वतः येईल, फक्त त्याला दोन दिवस दे."

दोन दिवस म्हणाला होता. मला सदतीस लागले.

तिथून त्याच्या घरी. दारातच होता. म्हटलं, सांगून आलो. म्हणाला, "बरं केलंस." म्हटलं, खुबा बदलून घेतोय, पुढच्या सीझनला पायी येईन, हळू चालेन, तू थांबत जा. म्हणाला, "जावयाला शब्द दिलाय, त्याच्याबरोबर जाईन." म्हटलं, बरोबर आहे. म्हणाला, "पायाची काळजी घे."

"ये, बस" म्हणाला नाही. एकतीस वर्षांत त्याला कधी म्हणावं लागलं नव्हतं, मी आपला आत शिरून बसायचो. आज उभा राहिलो, म्हणेल म्हणून. मग घरी आलो.