विष्णुपुरीचा कुरव

प्रिय भार्गवी,

लातूरच्या तुझ्या शाळेतल्या प्रदर्शनासाठी तू फोटो मागितलास, तेव्हा मी हसलेच. नांदेडात इतकी वर्षं लग्नाचे फोटो काढते, पण भिंतीवर लावावा असा माझ्याकडे एक नाही. आमच्या लग्नांत बायकांच्या मांडवात पुरुष फोटोग्राफर चालत नाही, म्हणून तर माझं पोट चालतं. पण ते फोटो घरच्यांखेरीज कुणी पाहायचे नसतात. अल्बम दिला की नवरीच्या आईसमोर कॅमेऱ्यातलं कार्ड कोरं करायचं, हीच माझी साख. आमच्या यांनी, मोहियोद्दीनमियाँनी, टिपलेले नवरदेव दुकानाच्या काचेत घोड्यावर ऐटीत बसलेत. मी टिपलेल्या नवऱ्या लोकांच्या कपाटात. आपल्या वर्गात तुझी चित्रं भिंतीवर लागायची आणि मी खाली उभी राहून टाळ्या वाजवायचे, ते आठवलं.

म्हणून ठरवलं, ज्याला पडदा नाही असं काहीतरी टिपायचं. हिवाळ्यात समुद्राकडचे कुरव पक्षी विष्णुपुरीच्या जलाशयावर उतरतात. आपल्याला समुद्र बघायला रात्रभराचा प्रवास. ते बिनतिकीट येतात. हातभर लांब लेन्स घेतली. दीर म्हणाले, "भाभी, ये तोप कायकू? निजाम तो कब के गए." म्हटलं, तुम्ही मागं राहिलात ना!

सुरुवातीला नुसत्या शेपट्या मिळाल्या. नवरीला "नजर नीचे" म्हटलं की ती गोठते, त्यामुळे बटण दाबताना माझाही हात थांबतो. कुरव थांबत नाही. त्याच्याबरोबर कंबरेतून वळायचं, दाबताना वळायचं, दाबल्यावरही वळतच राहायचं. एकदा सवयीनं त्यालाच "बेटा, जरा इधर" म्हणाले. काठावर धुणं धुणारी तारामती म्हणाली, "त्येला हिंदी येत न्हाई, बाई. लई लांबून आलंय."

शेवटी एक सापडला. वळताना पंख उभा, टोक पाण्याला टेकलेलं, डोळ्यात उन्हाचा ठिपका. घरी आले, चहा ठेवला, आणि हातानं आपोआप कार्ड कोरं केलं. समोर कुणाची आई नव्हती, भार्गवी. नुसता चहा उतू जात होता. हे म्हणाले, "जाने दो, परिंदा ही तो था." त्या दिवशी त्यांना चहा मिळाला नाही.

दुसऱ्या दिवशी परत गेले. नंतरही जातच राहिले. एक लग्नही सोडलं. परवा मिळाला. पहिल्याइतका देखणा नाही, पण जास्त उद्धट आहे: चोच उघडी, थेट माझ्या अंगावर येणारा.

आता खरं कारण. काल फोनवर तू म्हणालीस, खालच्या पाटीवर "मोहियोद्दीन फोटो स्टुडिओ" छापते, दुकान लोकांच्या ओळखीचं आहे. हे शेजारीच बसले होते, म्हणून मी "हाव, छाप" म्हणाले. ते "हाव" मी परत घेतेय. दुकान त्यांचं, पण आखडलेली मान माझी आहे. पाटीवर "शकिला" लिही. कुणाची कोण, ते नको. यांना आज सांगितलं. फुगून बसलेत, बसू देत. तुला पुन्हा फोन केला असता, पण तू गोड बोलून वळवतेस मला, म्हणून लिहून कळवतेय. शुक्रवारी फ्रेम मांडीवर घेऊन एसटीनं येते. आधी पाटी वाचेन. दुसरं नाव दिसलं, तर तुझी तेवढी भिंत रिकामी राहील.

तुझीच, यावेळी न वळणारी,
शकिला