पहिल्या फेरीतली पोरगी

बाबा, तुम्हाला एक गोष्ट विचारायची आहे. विचारायला तुम्ही नाही, म्हणून घाटंजीच्या घरी, ओट्याशी बसून लिहिते आहे.

लेक परदेशात असते, तिच्याकडे जाऊन आले. तिने मला तिथल्या फार जुन्या लाकडी रोलर कोस्टरवर नेलं. उंचच उंच लाकडी सांगाडा आणि त्यावरच्या रुळांवरून सुसाट धावणारे डबे. तिकीट काढायच्या आधी मी सांगाड्याचे सांधे चाचपून आले, तुमचीच सवय. "आई, काय करून राह्यली? लोक पाहून राह्यले ना!" लेक म्हणाली. चढावर सगळं लाकूड करकरायला लागलं आणि उतारावर, या वयात, मी "बाबाऽ" म्हणून ओरडले. उतरल्यावर लेकीने तिथल्या माणसाला विचारलं, हे तपासता कसं? तो म्हणाला, रोज सकाळी आधी वाळूची पोती बसवतो, मग माणसं. लेक हसली. मला काही हसू आलं नाही.

जत्रेतला तुमचा रहाटपाळणा आठवला. सागाचे खांब तुम्हीच तासलेले, पाळणे चार, फिरवायचा हातानेच. सकाळी नारळ फुटतो आणि पहिल्या फेरीत मी एकटी, नवा फ्रॉक घालून. "पहिले मायी पोरगी बसते, मंग तुमी बसा," तुम्ही सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणता. आई तोंडाला पदर लावून उभी. "एकटीले कायले बसोता तिले?" तुम्ही तिच्याकडे बघतसुद्धा नाही. मी खाली आले की तुमचा एकच प्रश्न, "आवाज आला काय?" मी नाही म्हणते, मग लोक चढतात. त्या फेरीची ऐट मी वर्षभर मिरवायची. सासरीही सांगून झाली.

आता काही कळेनासं झालं आहे. तो मान होता, की मी पोतं होते? राग येतो तुमचा, खरंच येतो. मग आठवतं, तेवढी एक फेरी तुम्ही दुसऱ्या कुणाला फिरवू देत नव्हता, आणि ती होईपर्यंत पाण्याचा घोटही घेत नव्हता. लाकडावर इतका भरवसा होता, तर उपाशी कशाला राहायचात? आणि नव्हता, तर मला का बसवायचात? दोन्हीकडून विचार करते आणि पुन्हा तिथेच येते.

हे पत्र जायचं कुठे, पिठाच्या डब्याखालीच राहील. पण तुमच्याकडून खरं मागते आहे, तर माझंही सांगते. मी शेवटची बसले त्या वर्षी वर जाताना मधल्या कण्यातून बारीक करकर ऐकू आली होती. तुम्ही विचारलंत, आणि मी नाही म्हणाले. हो म्हटलं असतं तर पाळणा बंद झाला असता आणि माझी ऐटही. जत्रा संपेपर्यंत काही झालं नाही. आई जेवायला हाका मारत होती, पण मी पाळण्याखालून हलले नाही.

आवाज आला होता, बाबा.