पिस्तूल विकणे आहे

२ मार्च, रविवार

ठरलं! पिस्तूल घ्यायचंच. दोन वर्षं क्लबचं पिस्तूल वापरून जीव विटला. दहा जणांच्या घामाने गुळगुळीत झालेली मूठ, आणि तीही पुरुषी हाताची. नेम माझा चुकत नाही, मूठ चुकवते – असं मी निदान स्वतःला सांगते.

रुचिरला सांगितलं. "किती?" एवढंच विचारलं. बँकेत नोकरी मी करते, पण पहिला प्रश्न नेहमी नवऱ्याचा! अडीच हजार डॉलर, वर एक छदाम नाही, असं कबूल केलं. सासूबाई पुण्याहून फोनवर – "घरात शस्त्र? जाई अजून चौदाची आहे!" तीनदा समजावलं. पिस्तूल घरी येतच नाही. क्लबच्या शस्त्रागारात कुलपात राहतं. परवाना पोलिसांचा. आपण तिथे जायचं, नेमबाजी करायची, परत ठेवायचं. "मग विकत कशाला घ्यायचं?" म्हणाल्या.

५ मार्च

जेवणाच्या सुट्टीत एक्सेल शीट केली. रॅफल्स प्लेसच्या आमच्या ऑफिसात सगळे शेअर बघतात, मी पिस्तुलं. पॉइंट बावीस, सेमी-ऑटोमॅटिक, पाच गोळ्यांचं मॅगझिन, हे पक्कं. बाकी रकाने – मूठ, ट्रिगर, वजन, सुटे भाग, किंमत. स्पर्धेत ट्रिगर एक किलोच्या खाली चालत नाही. पण एक किलोवर तो स्वच्छ तुटायला हवा, मध्ये रेंगाळायला नको. इटालियन – देखणं, बजेटच्या दुप्पट. नवीन जर्मन – बघायचंसुद्धा नाही. नवीन अमेरिकन – बजेटमध्ये बसतं. सगळं बसतं त्याचं, फक्त माझा हात त्यात बसत नाही.

बॉस मागून गेला तेव्हा शीट झाकली. चोरी केल्यासारखी! कशाला झाकली? सवय आहे मला.

९ मार्च, रविवार

अमेरिकन वापरून पाहिलं. ट्रिगर दाबला की आधी सरकतो, मग थांबतो, मग विचार करतो, मग सुटतो. सरकारी कारकून नुसता. दुकानदार म्हणतो, आतला भाग बदलून मिळेल, वेगळे पैसे. मूठही वेगळी घ्यायची. मग स्वस्त कसलं?

१६ मार्च, रविवार

क्लबच्या बोर्डावर कार्ड लागलंय. हाताने लिहिलेलं, शाळेच्या फळ्यावर असतं तसं वळणदार अक्षर. जर्मन, चार वर्षं जुनं, एकच मालक, मूठ छोटी. दोन हजार दोनशे. देश सोडत असल्याने विकणे आहे.

मूठ छोटी! मी तिथेच उडी मारायची बाकी होते. मग खालचं नाव वाचलं. धम्मानंद. क्लेमेंटी. आणि फोन नंबर.

असं नाव आमच्यातच ठेवतात. 'आमच्यात' – वहीत कसं बिनदिक्कत लिहून गेले! बाहेर हा शब्द सतरा वर्षांत तोंडातून गेलेला नाही. मी प्रणिता रामटेके. नागपूरची. बौद्ध. लग्नाआधी सासूबाईंनी एकच अट घातली होती, तीसुद्धा फार गोड आवाजात – नातेवाइकांत उगाच बोलायचं नाही. रुचिर म्हणतो, "आपण लपवत नाही गं, फक्त सांगत नाही." इथे आलो तेव्हा मराठी मंडळाच्या पहिल्याच गणपतीत कोणीतरी विचारलं, माहेरचं आडनाव काय? मी म्हटलं, नागपूरकर. इतकं सहज! बाबा तेव्हा जिवंत होते.

जाईलाही माहीत नाही. तिला वाटतं, आजी नागपूरला असते आणि आपल्याला दर सुट्टीत पुण्याला जावं लागतं, एवढंच.

१८ मार्च

मेसेज केला. इंग्रजीत.

२३ मार्च, रविवार

पिस्तूल पाहिलं. काय सांगू!

धम्मानंद तिशीचा असेल. बारीक, चष्मा, शर्टाची बाही दोनदा दुमडलेली. विद्यापीठात संशोधक आहे, आता जर्मनीला चाललाय. सोबत एक वही. चार वर्षांत किती गोळ्या झाडल्या, कधी साफ केलं, कोणती स्प्रिंग कधी बदलली, सगळं तारखेनिशी. मला म्हणाला, "प्लीज ओपन इट, मॅम. डोन्ट ट्रस्ट मी." मी खोललं. स्लाइडच्या कडेवरून नख फिरवलं. बाबांची सवय. दारूगोळा कारखान्यात बत्तीस वर्षं फिटर होते ते. म्हणायचे, डोळ्याला दिसत नाही ते नखाला कळतं. कुठे खरखर नाही, कुठे कड उडालेली नाही. 

तो बघत होता. "यू नो मशीन्स, मॅम?"

"यूट्यूब," मी म्हटलं.

बत्तीस वर्षं! आणि मी बापाला यूट्यूब केलं.

मग पाच गोळ्या. ट्रिगर काडी मोडावी तसा तुटला. तीन दहाच्या वर्तुळात, दोन नवाच्या. आयुष्यात पहिल्यांदा हाताला वाटलं की ही वस्तू आपल्यासाठी केलीय. त्याने विचारलं, भारतात कुठल्या? मी म्हटलं, पुणे. "नाइस वेदर," म्हणाला. बस्स.

जाई मागे बाकावर बसली होती. परत येताना बसमध्ये, तिच्या इथल्या शाळेच्या इंग्रजीत – "ममा, दॅट अंकल मराठी व्हॉट. ही वॉज टॉकिंग मराठी ऑन द फोन. व्हाय यू टॉक इंग्लिश लाइक दॅट?" 

मी म्हटलं, क्लबमध्ये इंग्रजीच बोलायचं असतं. "व्हेअर गॉट सच रूल?" म्हणाली, आणि कानात हेडफोन घातले.

३० मार्च, रविवार

आजचं लिहायचं नव्हतं. पण लिहिते.

सरावानंतर अदिती आणि मी हॉकर सेंटरला जेवायला गेलो. अदिती माझी इथली सगळ्यात जुनी मैत्रीण. मंडळाची सेक्रेटरी, बुकित तिमाहला आमच्याच कॉन्डोत राहते. क्लबमध्ये मला तिनेच आणलं. मी पिस्तुलाचं कौतुक सांगत होते. किंमत ऐकली, वहीचं ऐकलं, आणि म्हणाली, "त्या धम्मानंदचं? बघ बाई. नवीनच घे त्यापेक्षा. या लोकांना सगळं फुकटात मिळालेलं असतं, वस्तू सांभाळायची सवय नसते."

आणि मी हसले.

नुसतं तोंडदेखलं नाही. चांगलं "हॅ हॅ" करून हसले! तिच्या हातावर टाळी दिली की काय, ते आठवत नाही. आठवायचं नाहीये.

तो दोन टेबलं सोडून एकटा जेवत होता. ऐकू गेलं असेल? नसेल. पंख्यांचा आवाज असतो तिथे. ट्रे ठेवायला जाताना आमच्या बाजूने गेला आणि मान हलवून हसला. रोज हसतो तसा.

३१ मार्च

आरशात बघून दात घासवत नाहीत.

५ एप्रिल, शनिवार

तरीही पिस्तूल तेच घ्यायचं! रुचिरही म्हणाला, वस्तू चांगली आहे तर घे, त्यात काय. फॉर्म भरायला बसले. विकणाऱ्याचा एक भाग, घेणाऱ्याचा एक, मग तो परवान्याच्या अर्जाला जोडायचा. घेणाऱ्याच्या भागात सातवा रकाना – लग्नापूर्वीचं पूर्ण नाव. पोलिसांचं काम आहे, तिथे नागपूरकर चालणार नाही. लिहिलं. प्रणिता, बाबांचं नाव, रामटेके. किती वर्षांनी लिहिलं! अक्षरं टाइप करतानासुद्धा दार लावून घेतलं होतं.

ठरवलं होतं – त्याला कोरा फॉर्म पाठवायचा, त्याने त्याचा भाग भरायचा, मग माझा भाग मी परस्पर ऑफिसात द्यायचा. दोन फाइली केल्या. दोनदा तपासल्या. आणि पाठवली ती भरलेली!

दोन मिनिटांत डिलीट केली. पण निळ्या खुणा आल्या होत्या.

उत्तर आलं – "नोटेड मॅम, विल साइन ऑन संडे." बाकी काही नाही. एक शब्द नाही.

म्हणजे त्याला कळलं. आमच्यातल्या माणसाला रामटेके वाचून कळायला किती वेळ लागतो? आणि त्याने जेवताना ऐकलं असेल, तर हेही कळलं की हसणारी कोण होती.

६ एप्रिल, रविवार

क्लबला गेले नाही. ताप आहे असं अदितीला कळवलं. त्याला मेसेज केला की नवीनच घ्यायचं ठरवलंय, सॉरी. "नो प्रॉब्लेम मॅम. आस्क दे‌म टू सेट द ट्रिगर प्रॉपर्ली." 

शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

अमेरिकन बुक केलं. ट्रिगरचा भाग धरून दोन हजार चारशे ऐंशी. जास्त पैसे देऊन वाईट वस्तू घेतली. एक्सेलमध्ये असा रकाना नव्हता. त्याही अर्जावर सातवा रकाना आहेच, तिथे रामटेके लिहिलं. पोलिसांना काय, त्यांना सगळी आडनावं सारखीच.

१४ एप्रिल, सोमवार

सकाळी आईचा फोन. दर वर्षी आजच्या दिवशी करते, चौकात जायच्या आधी, नवी पांढरी साडी नेसून. मी एमआरटीत होते. तिचा पहिला शब्द काय असणार ते माहीत होतं, आणि उत्तरही तेच द्यावं लागतं. डब्यात कोणी ओळखीचं मराठी असलं तर? फोन वाजू दिला. ऑफिसात पोचल्यावर मेसेज केला – मीटिंगमध्ये होते आई.

तिने थम्सअप पाठवला. बेबी रामटेके, वय एकाहत्तर, आता थम्सअप पाठवायला शिकलीय. जाईने शिकवलं तिला.

२० एप्रिल, रविवार

अदितीने घेतलं! धम्मानंदचं पिस्तूल! पूर्ण किमतीला, घासाघीससुद्धा न करता.

"अगं, लख्ख ठेवलंय त्याने. आणि ती वही! तू सोडलंस कशी काय ही वस्तू? वेडी आहेस का?"

मी म्हटलं, तूच म्हणालीस ना, नवीन घे. "मी? कधी?" म्हणाली. तिला आठवतही नाही. तिच्यासाठी ते बोलणं नव्हतंच, तोंडी लावणं होतं. बोलली, विसरली, चांगली वस्तू दिसली, घेतली. तिला त्या फॉर्मवर लपवायचं काही नव्हतं. त्याच्याकडून घ्यायला ती लाजली नाही. लाजले ती मी. त्याच्याच घरची.

११ मे, रविवार

दोघींचे परवाने आले. आज अदितीची देवघेव होती, माझंही पिस्तूल हातात मिळालं. मूठ लाकडी, हत्तीच्या पायासारखी. पाच गोळ्या – दोन आठ, दोन सात, एक कागदाबाहेर. दोन वर्षांत कागदाबाहेर गेली नव्हती.

अदिती ऑफिसात सह्या करत होती. धम्मानंद माझ्या लेनपाशी आला. आणि मराठीत बोलला. पहिल्यांदा. "ताई, मूठ मोठी होऊन राहिली न तुम्हाला. घासून घ्या. मी खुणा करून देऊ काय?"

किती दिवसांनी ऐकलं ते "होऊन राहिली"! घरचं बोलणं. मी नुसती मान हलवली. त्याने खिशातून पेन्सिल काढली. माझा हात मुठीवर धरायला लावला, अंगठ्याच्या बाजूने रेघ ओढली, तळव्याखाली दुसरी. "इथून दोन मिलिमीटर. आधी जाड कागद, मग बारीक. घाई करू नका. घासलेलं परत येत नसते."

मी म्हटलं, "त्या दिवशी जेवताना..." 

तो पेन्सिल खिशात ठेवत म्हणाला, "जाऊ द्या न ताई. मीही होस्टेलला चार वर्षं हसलो आहे." 

शुक्रवारी जातोय तो. पत्ता विचारायचं सुचलं नाही मला. माफी मागायचंही नाही. आभार तेवढे मानले – आणि तेही, अदिती बाहेर आली तेव्हा, इंग्रजीत!

१४ मे

रुचिरला सांगितलं, मी लोकांना सांगणार आहे. तो म्हणाला, "आईला मी सांगतो. तुझं तू बघ." चिडला नाही. हे मी सतरा वर्षं का विचारलं नाही?

काल रात्री जाईला सांगितलं. बाबांचा कारखाना, चौक, नाव, सगळं. तिने ऐकून घेतलं. "ओके. सो व्हाय सीक्रेट?" याला उत्तर द्यायला मला अर्धा तास लागला आणि ते तिला पटलं नाही. मलाही नाही.

आता अदिती. अकरा वर्षांची मैत्री. मंडळ, गणपती, जाईच्या मैत्रिणी. सगळं तिच्यामुळेच. तुटलं तर तुटलं.

१८ मे, रविवार

अदितीला सांगितलं. तिच्या स्वयंपाकघरात, ती चहा गाळत असताना. एका दमात.

तिने गाळणंसुद्धा थांबवलं नाही. "अगं, माहीत आहे की. पहिल्या वर्षापासून सगळ्यांना माहीत आहे. तुझ्या कॉलेजची एक बाई तेव्हा मंडळात होती ना. तुला आवडणार नाही म्हणून आम्ही कोणी कधी विषय काढला नाही, इतकंच. साखर किती घालू?"

म्हणजे त्या दिवशी हॉकर सेंटरला तिला माहीत होतं. तिने म्हटलं, आणि मी हसले.