पिवळं दुपटं

१९ नोव्हेंबर १९९५, सुरत

आलो एकदाचा! भाठेसर अणुवीज केंद्राचा नवा जनसंपर्क अधिकारी श्रीकांत आज सुरतेत दाखल झाला आणि सुरतेला त्याचं काही म्हणजे काही नाही. स्टेशनाबाहेर जेवलो तर आमटी गोड, भाजी गोड, लोणचंसुद्धा गोड. मिठाचा शोध ह्या गावाला अजून लागायचा आहे. तरी मी खुशीत आहे. नोकरी पक्की आहे, हुद्दा बरा आहे आणि पुढच्या महिन्यात मी बाप होणार. रजनी बाळंतपणाला सांगलीला माहेरी आहे. सासरे निवृत्त हेडमास्तर, छापलेल्या शब्दाला वेदवाक्य मानणारे. जावई आता वर्तमानपत्रांना मजकूर पुरवणार म्हटल्यावर त्यांची छाती फुगली.

वसाहतीतलं घर रिकामं होईपर्यंत नवागाममध्ये माडीवरची एक खोली घेतली आहे. खाली घरमालक सुकदेव आणि त्याची बायको प्रमिलाबाई, दोघंही धुळ्याकडची. त्यांची अहिराणी ऐकून वाटलं, मराठीला कुणी जिन्यावरून ढकलून दिलं की काय. सुकदेवचा चिंधीचा धंदा. अंगणात कातरण आणि फाटक्या कपड्यांचे ढीग. प्रमिलाबाईंचा भाऊ भिकन आमच्याच केंद्रात ठेकेदाराकडे सफाईला आहे. मी तिथला साहेब म्हणून त्याने हात जोडले. मी मान हलवली. एवढं पुरे.

२४ नोव्हेंबर

कंपनीच्या बसने रोज जातो. माझी कचेरी बाहेरच्या इमारतीत, अणुभट्टी आत कुठेतरी. मला बघायची हौस नाही. देसाईसाहेब, माझे वरिष्ठ, भला माणूस, म्हणजे भित्रा. शिपायाने दार जोरात लावलं तरी पाण्याचा ग्लास शोधतात. माझ्याकडून त्यांना एकच हवं, गावात केंद्राचं नाव निघालं की लोकांना जांभई आली पाहिजे. ते मला छान जमेल.

२८ नोव्हेंबर

काल आत गडबड झाली. जाडजूड नळी फुटली आणि भट्टीतलं विषारी पाणी फरशीभर झालं. ठेकेदाराची माणसं आत सोडली. त्यांनी सफाईचे सुती डगले, चादरी, जे हाती लागलं त्याने ते टिपून घेतलं. देसाईसाहेब रडायचे बाकी होते. गेल्या वर्षी प्लेगच्या नुसत्या नावाने हे शूर शहर बोचकी घेऊन गाडीच्या टपावर बसून पळालं. आता 'किरणोत्सर्ग' छापून आलं तर उधन्यापासून चौकापर्यंत कुत्रं उरायचं नाही.

मी पत्रक लिहिलं. नेहमीच्या दुरुस्तीसाठी केंद्र काही दिवस बंद राहील, नागरिकांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. साहेबांनी पाठ थोपटली. मग त्या भिजल्या कपड्यांच्या गाठोड्यांचा प्रश्न निघाला. नियमाने त्यांवर धोक्याच्या लाल चिठ्ठ्या लावून ती सिमेंटच्या खड्ड्यात पुरायची. म्हणजे कुंपणाबाहेरच्या प्रत्येक गुराख्याला दिसणार! उपाय मीच सुचवला. चिठ्ठ्या काढा, रोजच्या कचऱ्याबरोबर गाठोडी बाहेर काढा, ठेकेदार कुठेतरी गाडून टाकील. झाकली मूठ सव्वा लाखाची. सगळे इंजिनिअर एकमेकांची तोंडं बघत होते. डोकं चालवायला शेवटी कलाशाखेचा पदवीधर लागतो.

४ डिसेंबर

पहाटे गारठतं. प्रमिलाबाईंनी मला नवी गोधडी शिवून दिली. वर जुन्या साड्यांचे तुकडे, आत आणि कडेला जाड पिवळं सुती कापड. रंग पाहून कावीळ आठवावी! पण ऊब अशी की सोडवत नाही. संध्याकाळी स्वेटर घालून तीच पांघरून वाचत पडतो. ह्या गावात जो तो पॉलिस्टर विणतो आणि पॉलिस्टरच नेसतो, सुती चिंधी दिसली की प्रमिलाबाईंना सोनं सापडल्यागत होतं. भिकनच्या ओळखीने गाठोडीच्या गाठोडी मिळाली म्हणे. सुकदेव म्हणाला, "सुरतमा कपडा कधी मरस नै, साहेब." कुठलं कापड ते मी विचारलं नाही. चिंधीवाल्याला कापडाचं कूळ काय विचारायचं?

८ डिसेंबर

सासूबाईंचं फर्मान आलं. बाळाला पहिलं वस्त्र जुन्या, मऊ, सुती कापडाचं हवं, आणि तेही लेकुरवाळ्या बाईच्या हातचं. हा मागासपणा सांगलीच्या सुशिक्षित घरातला! प्रमिलाबाईंची पाचही मुलं धडधाकट. त्यांना सांगितलं तर त्या हरखल्याच. "नवा कपडा बाळले टोचस, भाऊ. जुनंच मऊ ऱ्हास," म्हणत त्यांनी त्या पिवळ्या कापडाचं दुपटं शिवलं, काठाला लाल दोऱ्याचे टाके घातले. मनात आलं, हे असलं बावळट ध्यान पाठवायचं? पण फुकट होतं आणि सासूबाई गप्प बसणार होत्या. पार्सल केलं.

मानेला नि हातांना खाज सुटली आहे. इथलं पाणीच तसलं.

१४ डिसेंबर

परवा मुलगी झाली, आज कळलं! दोघी सुखरूप. सासऱ्यांचा फोन कचेरीत आला. मी सगळ्यांना पेढे वाटले, भिकनलाही दिला. कन्या नाकीडोळी नीटस आहे, म्हणजे माझ्यावर गेली. दुपट्यात गुंडाळलं की लगेच झोपते, एरवी रडून घर डोक्यावर घेते. सासूबाईंनी प्रमिलाबाईंना आशीर्वाद कळवला. माझं पत्रक तिकडच्या पेपरातही आलं, सासऱ्यांनी कापून वाचनालयाच्या फळ्यावर लावलं.

आनंदाने जेवण जात नाही. जे जातं ते उलटून पडतं. खमण, दुसरं काय.

१८ डिसेंबर

मानेची कातडी भाजल्यासारखी लाल झाली आहे. विंचरताना केस मुठीत येतात. डॉक्टर म्हणे, हवापालट. एवढं शिकून!

प्रमिलाबाईंच्या बोटांची टोकं फुटली आहेत. सुई लागली, म्हणतात. बाईमाणसाला सुई धरायचीही अक्कल नसावी.

२० डिसेंबर

आज हात दाखवून अवलक्षण झालं.

केंद्र पुन्हा सुरू झालं म्हणून पत्रकारांना बोलावलं होतं. ही जमात बातमीपेक्षा पोंकाला, म्हणजे इथल्या हुरड्याला, जास्त भुकेली. त्यांना पोंक आणि शेव चारून मी किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र हातात घेतलं. रुबाबात म्हणालो, ह्या आवारात वावरणारा माणूस किती सुरक्षित आहे ते बघा, आणि यंत्र स्वतःच्या छातीशी, स्वेटरला धरलं.

ते किंचाळलं.

मी हसलो. देसाईसाहेबांनी ते हिसकावून बंद केलं, यंत्र बिघडलंय म्हणाले. पत्रकारांनी आणखी शेव मागितली.

मग काचेपलीकडून सफाईची माणसं जाताना दिसली. मी पहिल्यांदाच बघत होतो. सगळ्यांच्या अंगात डगले. जाड, सुती. पिवळे.

२१ डिसेंबर

ते यंत्र पिशवीत घालून घरी आणलं. जिना चढतानाच टकटकायला लागलं. गोधडीवर धरलं तेव्हा असं किंचाळलं की खालून प्रमिलाबाई धावत वर आल्या.

भिकनला गचांडी धरून विचारलं. त्याने सगळं सरळ सांगितलं, लपवण्यासारखं काही आहे हे त्याला माहीतच नव्हतं. ठेकेदाराने गाठोडी गाडलीच नाहीत, चिंधीच्या भावाने विकली. चांगलं सुती कापड सुरतेत कोण गाडतो? तो म्हणाला, लाल चिठ्ठी असती तर आम्ही हातही लावला नसता, साहेब. आमच्यातल्या पोराटोरांनाही ती चिठ्ठी कळते. ह्या गाठोड्यांना नव्हती.

नव्हती. मीच काढायला लावली.

प्रमिलाबाई हात पुढे करून विचारत होत्या, भाऊ, हे कशानं झालं? मी यंत्र बंद करून पिशवीत घातलं.

आणि मग आठवलं —

२२ डिसेंबर

फोनच्या दुकानातून सांगली लावली. सासऱ्यांनी उचलला. म्हटलं, ते दुपटं काठीने उचलून घराबाहेर टाका, मुलीला डॉक्टरकडे न्या. ते हसले. पाठीवर थोडं लाल झालंय, सासूबाई खोबरेल लावून दुपट्यात घट्ट गुंडाळून ठेवतात, ऊब लागली की शांत होते. मी ओरडलो, ते कापड भट्टीतलं आहे, तिथे अपघात झालाय. त्यांनी फळ्यावरून पाठ केलेलं माझंच पत्रक मला म्हणून दाखवलं. शब्दन् शब्द.

म्हटलं, ते मी लिहिलं. ते खोटं आहे.

ते म्हणाले, छापून आलेलं खोटं आणि तुमचं हे बरळणं खरं? बाळंतिणीला भलतंसलतं सांगून तिचं दूध आटवू नका. रजनीला फोन दिला नाही. ठेवला.

पुन्हा लावला. उचलत नाहीत. मूर्ख माणूस. छापलेलं सगळं खरं मानणारा — आणि छापणारा मी, थू —

२३ डिसेंबर

गाडी पकडायला निघालो. दारात केंद्राची जीप. देसाईसाहेब स्वतः. फोनच्या दुकानातलं माझं ओरडणं त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. प्रेमाने म्हणाले, तब्येत बरी नाही तुमची. दोघांनी धरून —

केंद्राचा दवाखाना. फोन नाही. दाराला बाहेरून कडी. नर्सला सगळं सांगितलं. तिने ताप मोजला.

२५ डिसेंबर बहुतेक

साहेब येऊन गेले. नवं पत्रक वाचून दाखवलं. जनसंपर्क अधिकाऱ्यांना विषमज्वर. घाबरून जाण्याचे — माझंच वाक्य. भाषा चांगली आहे, म्हणालो मी. म्हणालो! सवय —

दात हलतात. तोंडात रक्त.

प्रमिलाबाईही आजारी, नर्स म्हणाली. त्यांनाही विषमज्वरच.

नंतर

भिकन फरशी पुसायला आला. तोच. माझ्यावर थुंकला असता तरी चाललं असतं. पण हात जोडून म्हणाला, चिठ्ठी द्या साहेब, आजच्या गाडीनं सांगलीला जातो. बाहेर उभा आहे. घाई करा म्हणतो.

बोटं पेन धरत नाहीत. दोनदा लिहायला घेतलं, दोनदा हात त्याच वाक्याकडे वळला. फाडलं. दुसरं वाक्य हाताला येतच नाही. रजनी ऐकेल. ती बापासारखी नाही. फक्त नीट लिहायला —

कडी वाजली. कोणीतरी —

रजनी, घाबरून जाण्याचं कारण