पाच चिंचोके

सातारा, २२ नोव्हेंबर १९९६

प्रिय आक्का,

सप्रेम जय भीम. माझं पत्र म्हटलं की तू आधी काळजीनं उठून बसतेस, म्हणून पहिल्यांदा बातमी सांगतो. आपल्या डिस्टिलरीनं ठरवलं आहे : ओढ्यात सोडतात ते मळीचं पाणी साफ करायची टाकी आधी, फाटकापुढची झाडांची बाग नंतर. आणि मॅडमनी मला कामावर कायम केलं. दोन्ही तुझ्यामुळे.

मॅडमचं काम तुला तेव्हा नीट समजावता आलं नव्हतं. झाडं, धूर, आवाज, पाणी यांपैकी कंपनीनं आधी कशाला हात घालावा, कशाकडे दुर्लक्ष केलं तर धंदाही बुडेल आणि शेजारही, हे त्या सगळ्यांना विचारून ठरवून देतात. नववीतून शाळा सुटलेल्या मला त्यांनी चित्रांसाठी घेतलं, तेही महिनाभर पारखून बघायला. ती चार चित्रं मी किती वेळा पुसून काढली! पाण्यासाठी काढलेला ओढा ओढ्यासारखा दिसेल ना, एवढीच धास्ती. प्रत्येकानं आपले पाच चिंचोके हव्या त्या चित्रावर ठेवायचे, एवढं सोपं होतं.

पण चेअरमनसाहेबांनी पहिल्यांदा ठेवले, पाचही झाडांवर. मग काय! आपल्याकडे मोठ्यांचा हात गेला तिथंच सगळ्यांचे हात. मॅनेजर, फिटर, हमाल, आपले दाजीसुद्धा. झाडांवर ढीग आणि बाकीची चित्रं कोरी. मॅडमचा चेहरा उतरला. माझी नोकरी गेली असंच मी धरून चाललो.

तेवढ्यात वस्तीच्या बायकांमधून तू उठलीस आणि पाचही ओढ्यावर ठेवलेस. कुणीतरी हसून म्हणालं, "आवं ताई, झाडं तिकडं हायती." तू म्हणालीस, "दिसत्यात की. पर ह्या ओढ्यापायी कारखान्याला टाळं लागलं, तर त्या झाडाखाली आमीच बसायचं व्हय?" चेअरमनसाहेबसुद्धा हसले. मॅडमनी लगेच सगळे चिंचोके गोळा केले आणि एकेकाला टाइम ऑफिसात, दार लावून, पुन्हा ठेवायला लावले. या खेपेला ओढ्याचं चित्र चिंचोक्यांखाली दिसेना.

त्या दिवसापासून दाजी तुझ्याशी बोलत नाहीत, हे तुझ्या लेकीनं, आम्रपालीनं, मला कळवलं होतं. त्यांची नोकरी हंगामी, आणि त्यांच्याच बायकोनं साहेबांपुढं असं बोलावं! मला तर जेवण गोड लागेना. माझं काम टिकलं आणि तुझं घर मुकं झालं.

आज दाजी एसटीनं इथं आले. टाकीच्या कामावर त्यांनाच घेतलंय, ते सांगायला. मग म्हणाले, "गड्या, तुज्या आक्काला कायतरी लिहायचं हाय. मला न्हाई सांगता येत." म्हणून हे पत्र. ते त्यांच्याच हाती देतोय. या वेळी नेहमीसारखं आम्रपाली वाचणार नाही, दाजीच तुला वाचून दाखवतील, एवढं मी कबूल करून घेतलंय.

दाजी, आता पुढची ओळ गाळू नका. तुमचेच शब्द आहेत.

"दार लावल्यावर मी बी पाचीच्या पाची ओढ्यावरच ठेवलं. तू उघड्यावर ठेवलंस, म्हणून माझा हात गेला."

तुझाच धाकटा,
प्रशांत